धुराड्याचे माप कोण घेणार?

लासलगावच्या बाजार आवारात कांद्याचा व्यास नजरेने ओळखणारी माणसे पावलोपावली भेटतात. ट्रॉलीत हात घालून चार कांदे वर काढले, की गोल्टी किती आणि मोठा माल किती हे व्यापारी लगेच सांगतो आणि त्यावर भाव ठरतो. चाळ बांधणारा शेतकरीही तेवढाच हिशेबी असतो. चाळीची रुंदी जास्त झाली तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही आणि तो सडतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या न्हाणीघरात बंब बसतो किंवा मागच्या पडवीत पत्र्याची चूल येते, तेव्हा तिच्या धुराच्या नळीचा व्यास कोणी मोजत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला संवाद बहुतेक वेळा असा होतो. “दादा, चुलीला पाइप पाहिजे.” “किती इंची देऊ, ताई?” “भिंतीला आधीचं भोक आहे, त्यात बसंल असा द्या.” म्हणजे नळीचे माप चुलीवरून ठरत नाही, भिंतीतल्या भोकावरून ठरते. ते भोक मिस्त्रीने कधी काळी भलत्याच कारणासाठी पाडलेले असते, किंवा जुन्या चुलीच्या वेळचे असते. चुलीचे तोंड चार इंची आणि नळी तीन इंची, असा जोड पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवला जातो. आठवड्याभरात धूर घरात फिरू लागतो आणि दोष चुलीला दिला जातो. “चूलच खराब निघाली” असे म्हणून ती अंगणात काढली जाते आणि घरात पुन्हा तीन दगड मांडले जातात.

ही तक्रार किरकोळ वाटते, पण ती किरकोळ नाही. चुलीच्या धुराविरुद्ध गेल्या चाळीस वर्षांत देशात जे प्रयत्न झाले, त्यांतले कितीतरी याच जोडापाशी येऊन अडले आहेत.

गॅस आला, चूल गेली नाही

“आता घरोघरी गॅस आहे, चुलीचे काय घेऊन बसलात?” हा पहिला आक्षेप. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगावी सिलिंडर पोहोचवले, हे खरे आहे. त्याचा फायदा निर्विवाद आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के आणि ग्रामीण भागात ४३.२ टक्केच आढळली. शिवाय ज्या घरात गॅस आहे, त्या घरातली चूल विझलेली असतेच असे नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी सरपणावर, अशी वाटणी सर्रास दिसते.

निफाड तालुक्यात तर ही वाटणी हवामानानेच पक्की केली आहे. दर हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यभरच्या बातम्यांत येतो. पहाटे पाच-सहा माणसांच्या अंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवणे परवडत नाही. दुसरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीतून निघालेल्या काड्या, मक्याची बुरकुंडे, बाभळीची लाकडे हे सरपण बांधावर फुकट पडलेले असते. फुकट इंधन आणि महाग सिलिंडर समोर असताना चूल बंद करा, असा नुसता उपदेश टिकत नाही. ती जोवर पेटते आहे, तोवर तिचा धूर घराबाहेर नीट जातो का, हा प्रश्न आरोग्याचा राहतो.

धूर काय करतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. लाकडाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या पार तळाशी पोहोचतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दमा आणि हृदयविकार, मोतीबिंदू यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, अशी समजूत होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधले पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने ती समजूत हलवली. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या माणसांच्या सीओपीडीमागे चुलीचा धूर हे जगातले सर्वांत मोठे कारण असावे, असे त्यांनी मांडले. तंबाखू ओढणारे जगात सुमारे शंभर कोटी, तर सरपण-गोवऱ्यांच्या धुरात वावरणारे तीनशे कोटी, हा त्यामागचा हिशेब.

धुरासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जाळ संपून निखारे उरले की दिसणारा धूर कमी होतो, पण हा वायू निघतच राहतो. न्हाणीघराचे दार लावून, खिडकीत पोते कोंबून, आत बंब धगधगत ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. डोळ्यांना पाणी येत नाही म्हणजे हवा चांगली, असा समज तिथे जिवावर बेतू शकतो.

नळी ओढते म्हणजे काय

धुराडे “ओढते” असे म्हणण्याची रीत आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. गरम वायू हलका असतो आणि बाहेरची थंड हवा जड. नळीत हलक्या वायूचा खांब उभा राहिला की बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि त्याला वर ढकलते. ही ओढ फार नाजूक असते. बाहेर २५ अंश सेल्सियस, नळीत सरासरी २०० अंश आणि उंची ३ मीटर धरली, तर ओढीचा दाब भरतो जेमतेम १२ ते १३ पास्कल. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर सव्वा मिलिमीटरभर उंचीचे पाणी जेवढा दाब देते, तेवढाच. नळीतला धूर ६० अंशांवर आला की हाच दाब चारच्याही खाली जातो. एवढ्याशा बळावर सगळा धूर छपराबाहेर न्यायचा असतो. म्हणून नळीच्या मापातली चूक इथे पचत नाही.

नळी अरुंद असेल तर काय होते? चार इंची नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच आणि तीन इंचीचे सात चौरस इंच. व्यासात फरक एका इंचाचा, पण वाट जवळपास निम्मी झाली. त्यातून तेवढाच धूर न्यायचा तर लागणारा दाब चार पटींहून अधिक वाढतो. तो दाब नळीकडे नसतो. मग उरलेला धूर चुलीच्या तोंडातून, भांड्याच्या कडेने, सांध्यांतून घरात येतो.

“मग मोठीच नळी घेऊ, म्हणजे झंझट नाही,” हा दुसरा टोकाचा उपाय. तोही चुकतो. नळी फार रुंद असली तर धूर सावकाश चढतो, वाटेत थंड होतो आणि ओढ मरते. साधारण १२० अंशांच्या खाली लाकडाच्या धुरातली वाफ आणि डांबरासारखे पदार्थ नळीच्या आतल्या बाजूला धरू लागतात. ओले सरपण असेल तर अधिकच. ही चिकट काळी पुटे पेट घेतात. धुराड्याला लागलेली आग छपराच्या वाशांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न हटकून येतो. तिथले विटांचे चौकोनी धुराडे मोठ्या चुलीसाठी, कधी दोन-तीन चुलींसाठी बांधलेले असते. समजा ते आतून आठ इंच बाय आठ इंच, म्हणजे ६४ चौरस इंच आहे. त्याला चार इंची तोंडाची नवी चूल जोडली, तर वाट चुलीच्या तोंडाच्या पाच पट रुंद झाली. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या ‘एनएफपीए २११’ या मानकात याची मर्यादा दिली आहे. धुराड्याचे क्षेत्रफळ चुलीच्या तोंडापेक्षा कमी नसावे. धुराडे घराच्या आतून जात असेल तर ते तोंडाच्या तिपटीपेक्षा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर दुपटीपेक्षा जास्त नसावे. बाहेरचे धुराडे लवकर थंड होते, म्हणून त्याला नियम कडक. वाड्यातल्या त्या धुराड्याला उपाय आहे तो असा: त्याच्या आतून चुलीच्या मापाचीच लोखंडी नळी खालपासून वरपर्यंत सोडायची आणि खालच्या बाजूची मोकळी जागा बंद करायची. जुने धुराडे पाडावे लागत नाही आणि नवीन चुलीला तिच्या मापाची वाट मिळते. थंड देशांत हेच काम करणारे कारागीर आहेत. महाराष्ट्रातल्या गावात ते काम गवंड्याच्या आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या मध्ये कुठेतरी हरवते.

पुरावा काय सांगतो

धुराड्याने खरोखर आजार कमी होतो का? याचे उत्तर तीन ठिकाणी तीन प्रकारे मिळाले.

चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात घरात दगडी कोळसा जाळत. तिथल्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण होते. १९७० च्या दशकापासून अनेक घरांनी चुलीला धुराडे जोडले. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. धुराड्याची चूल वापरणाऱ्या पुरुषांत या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४६ टक्क्यांनी कमी आढळला.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेहून अधिक घरांत धुराड्याच्या चुलीची चाचणी झाली. तिचे प्रमुख कर्क स्मिथ. याच स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या वाट्याचा धूर मोजला होता. ग्वाटेमालाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. डॉक्टरांनी निदान केलेल्या सर्व न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. या घरांत कार्यकर्ते दर आठवड्याला भेट देत होते, हे विसरून चालणार नाही.

तिसरा अनुभव ओडिशाचा. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ४४ गावांतल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. तिथे धुराड्याच्या मातीच्या चुली वाटल्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरून गेला. तब्येतीत फरक नाही, सरपणात बचत नाही. कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, तडे बुजवले गेले नाहीत, नळ्या साफ झाल्या नाहीत.

तिन्ही अनुभव एकत्र ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. नुसती चूल वाटून काही होत नाही. नीट बसवलेले आणि नीट राखलेले धुराडे काम करते, दुर्लक्षित धुराडे शोभेचे उरते. यातला साफसफाईचा भागही शेवटी मापाचाच आहे. चार इंची नळीला आतून चौफेर अर्धा इंच काजळी धरली, की ती तीन इंची झाली. दुकानातून योग्य माप आणले आणि वर्षभर झाडलेच नाही, तर चुकीचे माप घरबसल्या तयार होते.

वाटपाचा हिशेब, मापाचा नाही

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून आलेल्या ‘मगन चुली’ला धुराडे होते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने सुधारित चुली घडवल्या. ‘लक्ष्मी’ ही त्यांतली धुराड्याची चूल, आणि गावातल्या कुंभारांनी व कारागिरांनी तिचे साचे वापरून धंदा करावा, असा तो प्रयत्न होता. केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. त्या काळात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली. नोंद झाली ती बसवलेल्या चुलींची. किती नळ्या छपराच्या वर निघाल्या, किती तोंडाच्या मापाच्या होत्या, किती दोन वर्षांनी ओढत होत्या, याचा हिशेब त्या ताकदीने कधीच ठेवला गेला नाही.

आजही चित्र फार वेगळे नाही. बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या चुलीवर आणि बंबावर वजन विचारले जाते, पत्र्याची जाडी विचारली जाते. धुराच्या तोंडाचा व्यास कुठेही लिहिलेला नसतो. खरे तर या कामाला मोठा निधी लागत नाही. चूल आणि बंब बनवणाऱ्याने तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये पत्र्यावर ठोकून द्यावा, एवढा नियम पुरे आहे. आयटीआयमध्ये पत्राकाम आणि वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांना धुराड्याचा एक दिवसाचा पाठ देता येईल. घरकुल योजनेच्या २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा गृहीत धरलेली आहे. तिथे सरपण जळणार असेल तर नळीची वाट बांधकामाच्या वेळीच, मापाने सोडायला हवी. स्लॅब पडल्यावर छिन्नीने पाडलेले भोक हेच पुढच्या तीस वर्षांचे माप ठरते. आशा ताई बाळंतिणीच्या घरी जातात, तेव्हा “गॅस आहे का?” याच्या जोडीला “धूर कुठून बाहेर जातो?” हा एक प्रश्न विचारला गेला, तर त्या घरातल्या नवजात बाळासाठी तो लसीच्या तारखेइतकाच कामाचा ठरेल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मान्य करायला हवा. धुराडे धूर नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलते. गल्लीत घरे दाटीने असतील तर एकाच्या नळीतला धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. लाकूड जाळून ती गाठणे शक्य नाही. म्हणून अंतिम उत्तर गॅस, वीज आणि अंघोळीच्या पाण्यासाठी सौर हीटर हेच आहे. पण अंतिम उत्तर येईपर्यंतची वर्षे कोणाच्या तरी छातीतून जातात. चुलीपुढे बसणारी सून आणि तिच्या मांडीवरचे मूल त्या उत्तराची वाट पाहत श्वास रोखून धरू शकत नाहीत.

घरच्या घरी काय पाहावे

तोवर प्रत्येक घराला करता येतील अशा काही गोष्टी आहेत. नळी घ्यायला जाताना भिंतीतल्या भोकाचे नव्हे, चुलीच्या तोंडाचे माप घेऊन जावे. तोंडापासून छपरापर्यंत नळी कुठेही त्यापेक्षा अरुंद नसावी. भोक लहान असेल तर भोक मोठे करावे. एका नळीला दोन चुली जोडू नयेत. वळणे कमीत कमी ठेवावीत आणि आडवा तुकडा टाळावा. टाळता आला नाही तर तो वर चढता असावा. नळी छपरातून निघते तिथून किमान तीन फूट वर जावी आणि दहा फुटांच्या परिघातल्या उंच भागापेक्षा दोन फूट उंच असावी, नाहीतर वारा धूर उलटा ढकलतो. पावसाची टोपी नळीवर बसकी टेकवू नये, खाली मोकळी जागा ठेवावी. पाण्याचा पीव्हीसी पाइप धुरासाठी कधीच वापरू नये, उष्णतेने तो मऊ पडतो आणि जळला तर विषारी वायू सोडतो. लाकडी वाशांपासून नळी दूर ठेवावी.

थंडीच्या पहाटे नळीत रात्रभराची गार, जड हवा साचलेली असते. म्हणून चूल पेटवण्याआधी नळीच्या बुडाशी कागदाचा एक बोळा जाळावा. ओढ सुरू झाली का, हे पाहायला उदबत्ती पुरते. तिचा धूर चुलीच्या तोंडात आत वळला तर नळी ओढते आहे, बाहेर आला तर काहीतरी अडले आहे. सरपण कोरडे असावे. चुलीचा वापर रोजचा असेल तर महिन्यातून एकदा नळी झाडावी. आणि बंब न्हाणीघरात असेल तर वरची जाळी उघडी राहिलीच पाहिजे. हवा आत येण्याची वाट बंद केली, तर कितीही मापाची नळी धूर बाहेर नेऊ शकत नाही.

कांद्याच्या चाळीला वारा किती लागतो हे लासलगावच्या शेतकऱ्याला पाठ आहे, कारण तिथे नुकसान पावतीवर दिसते. चुलीच्या धुराचे नुकसान पावतीवर येत नाही. ते दवाखान्याच्या कागदावर वीस वर्षांनी येते, तेही दुसऱ्याच नावाने. टेप मात्र प्रत्येक घरात आहे. चाळीला लावतात तशी ती एकदा चुलीच्या तोंडाला लावायची आहे.